जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग: आधी सांधे, मग तेल

जुना ट्रॅक्टर वर्षानुवर्षे चालवलेल्या माणसाचा अंगठा बघा. तो स्टिअरिंगच्या रिमला आतून कधी विळखा घालत नाही, चार बोटांच्या बाजूलाच रिमवर टेकवलेला असतो. पुढचं चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग झटक्यात उलटं फिरतं आणि आऱ्यात सापडलेला अंगठा मोडतो. ही सवय कुणी शिकवत नाही, एक-दोन हिसके खाल्ले की आपोआप लागते. असा ट्रॅक्टर दिवसभर वळवला की संध्याकाळी खांदे भरून येतात, आणि मग डोक्यात येतं, याला पॉवर स्टिअरिंग बसवून टाकावं.

बसवता येतं, आणि चांगलं बसतं. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: हातातलं जे बळ कमी होतं ते नाहीसं होत नाही. पंपाने दाबलेल्या तेलावर चालणाऱ्या सिलिंडरमधून ते पुढच्या आर्मवर (चाक वळवणारा दांडा), त्याच्या चावीवर (आर्मला शाफ्टवर घट्ट धरणारी लोखंडी पट्टी) आणि किंगपिनवर (चाक ज्याभोवती वळतं तो खुंट) जातं. हाताने ओढताना माणूस दमतो आणि थांबतो, तेल थांबत नाही. माझ्या एका ट्रॅक्टरला मी घाईघाईने सिलिंडर जोडला होता. दोन दिवस बोटाने स्टिअरिंग फिरवत मिरवलो. तिसऱ्या दिवशी लोडरची बकेट भरलेली, ट्रॅक्टर जागेवर उभा, आणि मी स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं. टक् असा बारीकसा आवाज आला. खाली उतरून बघतो तर एक चाक डावीकडे वळलेलं, दुसरं सरळ. स्टिअरिंग आर्मची चावी कापली गेली होती. चावीचा गाळा आधीच रुंदावलेला होता आणि मी तो उघडून पाहिलाच नव्हता. रस्त्यावर वेगात असतो तर हा लेख लिहायला उरलो नसतो. म्हणून या लेखात तेलाआधी सांधे येतात.

तुमच्याकडे काय आहे, काय बसेल

पॉवर स्टिअरिंगची कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये ते मोटारीवर चालवून दाखवलं, पण विकायच्या गाडीत ते आलं १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पिरियलमध्ये. ट्रॅक्टर फार मागे राहिले नाहीत. जॉन डिअरने १९५४ मध्ये ५०, ६० आणि ७० या मॉडेलांना कारखान्यातूनच पॉवर स्टिअरिंग द्यायला सुरुवात केली. त्याआधी आलेले, म्हणजे १९४६ ते १९५६ मधला फर्ग्युसन टीई-२० किंवा १९४७ ते १९५२ मधला फोर्ड ८एन, हे मात्र निव्वळ दंडाच्या जोरावर वळणारे.

जुन्या ट्रॅक्टरवर चार प्रकार भेटतात. पहिला, ड्रॅग लिंकवरचा, म्हणजे पेटीकडून चाकाच्या आर्मकडे जाणाऱ्या दांड्यावरचा, मदतनीस सिलिंडर. जुनी स्टिअरिंग पेटी तशीच राहते. लिंकच्या टोकाच्या बॉल स्टडला थोडीशी हालचाल दिलेली असते, ती व्हॉल्व्हचा स्पूल (तेलाची वाट बदलणारी आतली सरकती दांडी) सरकवते आणि सिलिंडर त्या दिशेला ढकलतो. तेल बंद पडलं तर स्टड टोकाला टेकतो आणि स्टिअरिंग जुन्यासारखं हाताने चालू राहतं, जड का असेना. दुसरा, स्टिअरिंगच्या दांड्यात मध्येच बसणारा टॉर्क जनरेटर. दिसायला सुटसुटीत आणि जागा कमी खाणारा, म्हणून पुढची दोन चाकं जवळजवळ असलेल्या तिचाकी ठेवणीच्या ट्रॅक्टरवर तो पुष्कळ दिसतो. पण तो पेटीच्या आधी बसतो, त्यामुळे वाढलेलं सगळं बळ जुन्या वर्म-सेक्टरच्या दातांतून जातं. पेटी झिजलेली असेल तर हा प्रकार नकोच. तिसरा, पेटीच्या आतच पिस्टन असलेला. हा कारखान्यातून आलेला असतो, बाहेरून जोडायचा नसतो.

चौथा म्हणजे पूर्ण हायड्रॉलिक, ज्याला सगळे ऑर्बिट्रोल म्हणतात. स्टिअरिंगखाली एक मीटरिंग युनिट, तिथून दोन पाइप सिलिंडरकडे, आणि चाकांशी लोखंडी जोड अजिबात नाही. आत सात खाचांच्या रिंगमध्ये सहा दातांचा तारा फिरतो आणि स्टिअरिंगच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल मोजून सोडतो. लिन चार्लसन यांच्या चार-लिन कंपनीने हे युनिट रुळवलं आणि आज शेती-बांधकामाची बहुतेक यंत्रं याच तत्त्वावर वळतात. इंजिन बंद पडलं तर हेच युनिट हातपंपासारखं काम करतं, पण त्यासाठी आत चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने सोडणारा) शाबूत हवा आणि पाइपात तेल हवं. पाइप फुटला तर हातात फक्त फिरणारं चाक उरतं. त्यामुळे ट्रॅक्टर रस्त्यावर वेगाने जाणार असेल तर माझा कल पहिल्या प्रकाराकडे आहे. शेत, लोडर आणि अंगण एवढंच काम असेल तर चौथ्याकडे.

फर्ग्युसन टीई-२० आणि फोर्ड ८एनची एक गंमत इथेच सांगतो. यांना दोन चाकं जोडणारा टायरॉड नाही. पेटीतून दोन्ही बाजूंना स्वतंत्र आर्म निघतात आणि प्रत्येक चाकाला स्वतःची ड्रॅग लिंक आहे. एका बाजूला सिलिंडर लावला की त्या बाजूचं चाक थेट वळतं, पण दुसऱ्या चाकाचं बळ पेटीतल्या दातांतून फिरून जातं. तिथे सिलिंडर लावण्याआधी पेटी उघडून दात बघणं टाळू नका.

पहिली पायरी: चाकं उचला

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, गिअर न्यूट्रलला घ्या. पुढचा भाग उचलताना एक फसवणूक होते. पुढचा आस मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळे इंजिनखाली जॅक लावला की आस कलंडतो. आस आणि चेसिस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका, आणि वजन जॅकवर न ठेवता आसाच्या दोन टोकांखालच्या स्टँडवर घ्या.

आता स्टिअरिंग एका हाताने टोकापासून टोकापर्यंत फिरवा. चाकं हवेत असताना ते हलकं आणि सारखं फिरलं पाहिजे. कुठे अडकतं, कुठे जड होतं ते खडूने रिमवर लिहा. शक्य असेल तर रिमला ताणकाटा अडकवून किती किलो लागतात ते नोंदवून ठेवा, नंतर तुलना करायला हाच एक खरा आकडा हाती राहतो. हवेत असलेलं स्टिअरिंग जड असेल तर दोष वजनाचा नाही, घर्षणाचा आहे, आणि पॉवर स्टिअरिंग त्यावर फक्त पांघरूण घालेल.

मग चाक वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा. मदतीला कुणी असेल तर त्याला खाली वाकून बघायला सांगा. हब स्पिंडलवर हलत असेल तर बेअरिंग सैल आहे. हब आणि स्पिंडल दोन्ही मिळून आसाच्या भोकात हलत असतील तर किंगपिनचे बुश गेले. यानंतर ३ आणि ९ वर धरून हलवा. इथे हालचाल दिसली तर बॉल जॉइंट, ड्रॅग लिंक किंवा आर्मच्या स्प्लाइन (शाफ्टवर बसणारे दाते). प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून बघा. जिथे दोन लोखंडांत फरक पडतो तिथे बोटाला आधी कळतं, डोळ्याला नंतर. पाचर काढून आस पुढे-मागे हलवला की मधल्या पिनचा झोलही कळतो.

ग्रीसबद्दल एक सांगायचं आहे, कारण निम्मी जड स्टिअरिंगं इथेच हलकी होतात. किंगपिनवर सगळं वजन पेलणारा थ्रस्ट वॉशर किंवा बेअरिंग असतो. ट्रॅक्टर जमिनीवर उभा असताना ग्रीस मारलं तर ते बुशमधून बाहेर येतं, पण वजनाने दाबलेल्या थ्रस्टच्या फटीत शिरतच नाही. चाक हवेत घेऊन, स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे फिरवत, निपलमधून ग्रीस मारा. खालून काळं ग्रीस संपून ताजं दिसेपर्यंत मारत राहा. निपल चोंदलं असेल तर बदला, त्याला मिनतवाऱ्या करू नका. एकदा एवढंच करून खाली उतरवलेला ट्रॅक्टर इतका हलका झाला की मालकाने पॉवर स्टिअरिंगचा विचारच सोडून दिला.

आर्म मात्र काढूनच बघा. चावी असेल तर गाळ्याच्या कडा सरळ आहेत की गोलाकार झाल्या आहेत ते पाहा. स्प्लाइन असतील तर दातांची टोकं. आर्मच्या मुळाशी तारेच्या ब्रशने रंग काढून भेगा शोधा. पूर्वी कुणी वेल्डिंग केलेलं आढळलं तर तो आर्म बदला. मी स्वतः वेल्ड केलेल्या आर्मवर पॉवर सिलिंडर जोडणार नाही, वेल्डर कितीही हातखंडा असला तरी.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली असणं. दोन्ही टायरच्या मध्यावर, आसाच्या उंचीला, पुढच्या बाजूने खडूची खूण करा आणि अंतर मोजा. चाकं अर्धा फेरा पुढे ढकला, म्हणजे त्याच खुणा मागे जातील, आणि पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी हवं. नेमकं किती ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. आणि हो, टायरची हवा आधी तपासा. अर्धवट हवेच्या टायरवर मोजलेलं सगळंच खोटं असतं.

दुसरी पायरी: हिशेब

इथे बहुतेक जण अंदाजाने सिलिंडर आणतात. मोठा आणला तर बरं, असं वाटतं. मोठा सिलिंडर म्हणजे आर्मवर जास्त बळ आणि जास्त फेरे. लहान आणला तर लोडर भरल्यावर चाक हलत नाही. एका कागदावर दहा मिनिटांत हे ठरतं.

उभ्या ट्रॅक्टरचं चाक वळवायला किंगपिनभोवती किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो याचं एक रुळलेलं सूत्र आहे. टायरच्या रुंदीचा वर्ग भागिले ८, त्यात किंगपिनच्या रेषेपासून टायरच्या मध्यापर्यंतच्या अंतराचा वर्ग मिळवा, बेरजेचं वर्गमूळ काढा. त्याला पुढच्या आसावरच्या वजनाने आणि ०.७ या घर्षणाच्या आकड्याने गुणा.

उदाहरण घेऊ. पुढच्या आसावर ९०० किलो, म्हणजे सुमारे ८,८३० न्यूटन. टायर १५० मिमी रुंद, किंगपिनपासून मध्यापर्यंत १०० मिमी. वर्गमूळ येतं सुमारे ११३ मिमी. टॉर्क झाला सुमारे ७०० न्यूटन-मीटर. स्टिअरिंग आर्म १५० मिमीचा असला तरी पूर्ण वळणावर सिलिंडर तिरका होतो, त्यामुळे कामाची लांबी १२० मिमीच धरा. म्हणजे सिलिंडरला सुमारे ५,८०० न्यूटन, जवळजवळ ६०० किलोचं बळ द्यावं लागेल.

आता सिलिंडर. ४० मिमी बोअर (आतला व्यास), २० मिमी रॉड, दाब ७० बार. रॉडच्या बाजूने पिस्टनचं उघडं क्षेत्रफळ ९४३ चौरस मिमी, म्हणजे ६,६०० न्यूटन. पुरतो, थोडा हात राखून. पण याच ट्रॅक्टरला लोडर असेल आणि भरल्या बकेटला आसावर १,५०० किलो येत असतील तर लागणारं बळ ९,७०० न्यूटनवर जातं. मग ५० मिमी बोअर आणि २५ मिमी रॉड घ्या, तो रॉडच्या बाजूनेही १०,३०० न्यूटन देतो. नेहमी रॉडच्या बाजूनेच हिशेब करा, कारण तीच कमजोर बाजू असते.

आणि हेही ध्यानात घ्या, त्याच सिलिंडरला कुणी १४० बार दिले तर बळ दुप्पट. सिलिंडर सहन करेल, १९५० च्या सुमाराचा आर्म करेल का? दाबाचा आकडा सिलिंडरच्या पाटीवरून ठरवू नका, जुन्या सांध्याकडे बघून ठरवा.

ऑर्बिट्रोल घेणार असाल तर आणखी एक भागाकार. ५० मिमी बोअर, २०० मिमी स्ट्रोक (रॉडची चाल) असेल तर बाहेर जाताना ३९३ सीसी तेल लागतं आणि आत येताना २९४ सीसी. १०० सीसीचं युनिट घेतलं तर एका बाजूला टोकापासून टोकापर्यंत ३.९ फेरे आणि दुसऱ्या बाजूला २.९. हा फरक बिघाड नाही, एकाच बाजूला रॉड असलेल्या सिलिंडरचा तो स्वभाव आहे. पहिले दोन दिवस हात चुकतो, मग अंगवळणी पडतं. नकोच असेल तर दोन्ही बाजूंनी रॉड निघणारा सिलिंडर घ्या, किंवा दोन सारखे सिलिंडर उलटसुलट जोडा. ८० सीसीचं युनिट घेतलं तर फेरे ४.९ आणि ३.७ होतात. आरामात काम करणाऱ्याला चालतं, लोडरवर सतत इकडून तिकडे करणाऱ्याला कंटाळा येतो.

पंप आणि तेलाची वाट

स्टिअरिंगचं चाक सेकंदाला एक फेरा या वेगाने फिरवायचं असेल तर १०० सीसीच्या युनिटला मिनिटाला ६ लिटर तेल लागतं. बांधाच्या टोकाला घाईने फिरवताना दीड फेरा धरा, ९ लिटर. हे तेल इंजिन आयडलवर असताना मिळायला हवं, कारण सगळ्यात जड वळण तेव्हाच असतं. १२ सीसीचा पंप ७०० आरपीएमला कागदावर ८.४ लिटर देतो, गळतीची घट धरून साडेसात. पण इंजिन २,००० वर गेलं की तोच पंप २४ लिटर ढकलतो. म्हणून पंपात किंवा पंपानंतर फ्लो कंट्रोल (जादा तेल परत वळवणारा व्हॉल्व्ह) हवाच. मोटारीच्या पॉवर स्टिअरिंगच्या व्हेन पंपात तो आणि रिलीफ व्हॉल्व्ह (ठरलेल्या दाबावर तेल सोडून देणारा) दोन्ही आतच असतात, त्यामुळे लहान ट्रॅक्टरला तो बरा पडतो.

गिअर पंप पट्ट्यावर चालवायचा असेल तर दोन गोष्टी तपासा. साध्या गिअर पंपाचा शाफ्ट पट्ट्याचा ताण सोसायला बनवलेला नसतो, त्याला बाहेरून बेअरिंगचा आधार लागतो. आणि पंप कोणत्या दिशेने फिरण्यासाठी आहे ते पाटीवर बघा. उलटा फिरवला तर दाब जिथे नको तिथे जातो आणि पहिल्याच मिनिटात शाफ्टचा ऑइल सील बाहेर येतो.

ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकमधून तेल घ्यायचं असेल तर आधी ते ओपन सेंटर आहे की क्लोज्ड सेंटर ते नक्की करा. ओपन सेंटरमध्ये तेल सतत फिरत असतं, क्लोज्डमध्ये काम नसताना दाब धरून थांबलेलं असतं. १९६० मध्ये आलेले जॉन डिअर ३०१० आणि ४०१० क्लोज्ड सेंटरचे होते. अशा ठिकाणी ओपन सेंटरचं युनिट जोडलं तर तेल अखंड वाहत राहतं, पंपाला उसंत मिळत नाही आणि टाकी तापते. ओपन सेंटरवर लिफ्ट आणि स्टिअरिंग एकाच पंपावर असतील तर प्रायॉरिटी व्हॉल्व्ह घाला. आधी स्टिअरिंगचं भागू दे, उरलेलं लिफ्टला.

पंपाकडे येणारा सक्शनचा पाइप जाड, आखूड आणि कुठेही न मुडपणारा हवा. परतीचा पाइप टाकीत तेलाच्या पातळीखाली सोडा, वरून धार पडली की फेस होतो. परतीवर १० ते २५ मायक्रॉनचा फिल्टर. प्रेशरचा होज नेहमीचा रबरी पाइप नसतो, आत तारेची वीण असलेला, दाब छापलेला होज घ्या. चाक पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून होज कुठे ताणला जातो, कुठे टायरला घासतो ते हाताने फिरवून आधीच बघा.

आट्यांचा घोळ हमखास होतो. पाइपजोडांच्या आट्यांची मापं देशागणिक वेगळी: ब्रिटिश ट्रॅक्टरवर बीएसपी आटे असतात, अमेरिकनवर एनपीटी किंवा ३७ अंशांचे जेआयसी. १/२ इंचात बीएसपी आणि एनपीटी दोन्हींना इंचाला १४ आटे आहेत, त्यामुळे दोन-तीन फेरे झकास बसतात. पण एकाचा कोन ५५ अंश आहे, दुसऱ्याचा ६०. टेप गुंडाळून पाना ताणला तर ओतीव बॉडीला भेग जाते, आणि ती भेग दिसते तेल गरम झाल्यावर. नट हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे. नाही गेला तर थांबा.

तिसरी पायरी: बसवणं

चाकं सरळ असताना सिलिंडर आर्मशी काटकोनाच्या जवळ असावा. पूर्ण वळणावर हा कोन कमी होत जातो. तो ३० अंशांखाली गेला तर सिलिंडर ढकलतो पण आर्म फिरत नाही, सगळा जोर पिनवर येतो. दोन्ही टोकांना गोलाकार बेअरिंगचे डोळे वापरा, कारण आस झुलतो आणि सिलिंडरलाही त्याच्यासोबत झुलावं लागतं. सिलिंडरचं दुसरं टोक धरणारा ब्रॅकेट जाड पट्टीचा करा आणि तो आसालाच जोडता आला तर उत्तम. चेसिसला जोडलात तर आस झुलला की स्टिअरिंग आपोआप थोडं वळतं.

आसावरचे स्टॉप बोल्ट असे लावा की चाक त्यांना टेकल्यावरही सिलिंडरचा ५-६ मिमी स्ट्रोक दोन्ही बाजूंना शिल्लक राहील. सिलिंडरचं झाकण हा स्टॉप नाही.

ऑर्बिट्रोलवर पी म्हणजे पंप, टी म्हणजे टाकी, एल आणि आर सिलिंडरकडे. एल-आर उलटे झाले तर ट्रॅक्टर उलट वळतो, होज अदलाबदल केले की झालं. पी आणि टी उलटे झाले तर मात्र प्रकरण गंभीर, सुरू करताच स्टिअरिंग स्वतःहून फिरू शकतं. म्हणून पहिल्यांदा इंजिन सुरू करताना हात, कोपर आणि मनगटातलं घड्याळ रिमपासून लांब ठेवा. होज जोडण्याआधी प्रत्येकातून स्वच्छ तेल घालून धुऊन घ्या. कापताना आत राहिलेला रबराचा कण स्पूलमध्ये अडकायला पुरेसा असतो.

तेल मॅन्युअल सांगेल ते. कुठे ट्रान्समिशनचं तेल, कुठे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), कुठे व्हीजी ४६ किंवा ६८ (तेलाच्या घट्टपणाचा आकडा) हायड्रॉलिक ऑइल. ब्रेक ऑइल कधीच नाही, त्याने नेहमीचे सील फुगतात.

एअर काढायला पुढची चाकं पुन्हा हवेत घ्या. टाकी भरा, इंजिन आयडलला ठेवा, स्टिअरिंग सावकाश टोकापासून टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवा. टोकाला धरून ठेवू नका. पातळी खाली जाईल, भरत राहा. तेल दुधासारखं फेसाळलं तर इंजिन बंद करून अर्धा तास चहा घ्या, फेस आपसूक बसतो. घाई केली की तीच हवा पंपातून पुन्हा फिरते. बराच वेळ थांबूनही दुधाळपणा गेला नाही तर तेलात पाणी आहे.

दाब मोजा, मग पाना उचला

पंपानंतर प्रेशर लाइनमध्ये टी-जोड घालून ० ते २०० बारचं गेज लावा. तेल गरम होऊ द्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून टोकाला धरा, आकडा वाचा, सोडा. पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, रिलीफमधून जाणारं तेल भराभर तापतं. हिशेबात ७० बार धरले असतील तर रिलीफ ७० लाच लावा. थोडं वाढवून बघू, या मोहाने पुष्कळ आर्म मोडले आहेत.

दोन्हीकडे जड असेल आणि दाब कमी असेल तर पट्टा, तेलाची पातळी, रिलीफ, पंप या क्रमाने जा. दाब बरोबर आहे आणि तरी जड, तर दोष सांध्यांत आहे, पहिल्या पायरीवर परत जा. हळू फिरवताना हलकं पण झटकन फिरवताना जड होत असेल तर दाब पुरतो, तेल कमी पडतंय. एकाच बाजूला जड असेल तर व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरची एक बाजू. पंप घुरघुरत असेल तर सक्शनला हवा शिरतेय. क्लॅम्पवर थोडं तेल सोडा, आवाज बदलला की फट सापडली.

सरळ चालताना ट्रॅक्टर हळूहळू एका बाजूला जात राहतो आणि स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं, ही ऑर्बिट्रोलवाल्यांची नेहमीची तक्रार. ते सिलिंडरच्या पिस्टनचं सील की युनिटची झीज हे ओळखायला असं करा: चाक एका टोकाला नेऊन इंजिन बंद करा, दाब उतरू द्या. सिलिंडरच्या रिकाम्या बाजूचा होज काढून होजला टोपण लावा, उघड्या तोंडाखाली बादली ठेवा. इंजिन सुरू करून स्टिअरिंग त्याच टोकाकडे क्षणभर धरा. उघड्या तोंडातून तेल येत राहिलं तर सील गेलं. कोरडं राहिलं तर युनिटकडे बघा.

या कामात एक धोका आहे आणि तो दिसत नाही. दाबाखालच्या होजला सुईएवढं भोक पडलं तर बाहेर येणारी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. गळती कधीही हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. तेल टोचलंय अशी शंका जरी आली तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि हायड्रॉलिक तेल दाबाने आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

उघडावंच लागलं तर

सिलिंडर उघडणं घरच्या घरी जमतं. रॉडवर नख फिरवा. नख अडेल असा खड्डा असेल तर नवं सील आठवडाभरही टिकणार नाही, रॉडवर क्रोम चढवून घ्या किंवा रॉड बदला. जुन्या सीलवरून माप घेऊ नका, ते फुगलेलं असतं. खाच मोजा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. यू-कप सीलचे ओठ दाबाच्या दिशेला. सील रॉडच्या आट्यांवरून सरकवताना आट्यांना टेप गुंडाळा आणि सीलला तेल लावा.

ऑर्बिट्रोल उघडण्याआधी बॉडीवर, रिंगवर आणि झाकणावर तिरकी रेघ ओढा. आतला तारा आणि त्याला फिरवणारा दांडा यांचं टायमिंग ठरलेलं असतं. एक दात चुकला की इंजिन सुरू होताच स्टिअरिंग विजेच्या मोटरसारखं गरागरा फिरतं. सगळे स्क्रू सारखे नसतात, चेक बॉल अडवणारा स्क्रू वेगळा असतो, तो कुठून निघाला ते लिहून ठेवा. स्पूल आणि स्लीव्हमधली फट मायक्रॉनमध्ये मोजायची असते, तिथे पॉलिश पेपर लावलात की युनिट भंगारात. धागे न सुटणारं कापड आणि स्वच्छ तेल, बाकी काही नको. स्पूलवर ओरखडे दिसले तर सील बदलून उपयोग नाही.

पहिले काही तास

पहिले दहा तास लोडर अर्धाच भरा आणि शक्यतो चाक जागेवर उभं असताना वळवू नका, ट्रॅक्टर थोडा सरकत असताना वळवला की सांध्यांवरचा ताण निम्म्याहून उतरतो. दहा तासांनी फिल्टर बदला. जुना कापून बघा, चकाकणारे पितळी कण दिसले तर पंपाकडे लक्ष द्या. पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबा, बोटाच्या जाडीपेक्षा जास्त दबत असेल तर ताणा.

आणि दोन्ही स्टिअरिंग आर्मच्या नटांवर, नटापासून आर्मवर आणि आर्मपासून शाफ्टच्या तोंडावर जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रोज सकाळी तेल बघताना तिच्याकडेही बघा. नटावरची रेघ सरकली असेल तर नट सैल होतोय, तो आवळा. आर्म आणि शाफ्टमधली रेघ तुटली असेल तर त्या दिवशी ट्रॅक्टर बाहेर काढू नका, आर्म उतरवून चावी बघा.